हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे कोर्स: ईस्ट बे भागातील एका कुटुंबाचे प्रकरण

कॅलिफोर्नियातील ईस्ट बे भागात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडे, राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने २०२३ ते २०२५ या काळात आपल्या मुलीसाठी कम्युनिटी कॉलेजचे (मुख्यतः दोन वर्षांचे शिक्षण देणाऱ्या स्थानिक सार्वजनिक कॉलेजचे) कोर्स कसे निवडले, कुठे चुकले आणि कुठे सावरले, याची ही नोंद आहे. मी तेथील मराठी शाळेत शिकवते आणि हे कुटुंब मला तिथूनच माहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत, शाळेचे आणि कॉलेजचे नाव दिलेले नाही, आणि लिहिण्यापूर्वी मुलीची व तिच्या आईवडिलांची परवानगी घेतली आहे.

पार्श्वभूमी

बाबा मूळचे सांगली जिल्ह्यातले. दहावीनंतर पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून ते अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेले, आणि डिप्लोमाने आपले पदवीचे एक वर्ष आणि बरेच पैसे वाचवले, असे ते आजही अभिमानाने सांगतात. आईने बी. फार्म. केले असून ती एका प्रयोगशाळेत काम करते. बारावीच्या तयारीला लागण्याआधी थोडा श्वास घेण्याचे वर्ष म्हणजे अकरावी, ही तिची स्वतःच्या अनुभवातून आलेली समजूत होती. पुढे जे घडले त्यात या दोन्ही आठवणींचा वाटा मोठा आहे. आपण जी शिक्षणपद्धत पार करून आलो तिचाच नकाशा नव्या देशातल्या पद्धतीवर अंथरण्याची सवय आपल्यापैकी बहुतेकांना असते.

मुलगी २०२३ च्या वसंतात दहावी संपवत होती. अभ्यासात चांगली, गणिताची भीती नसलेली, शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवणारी, आणि सार्वजनिक आरोग्य किंवा मानसशास्त्र यांपैकी काहीतरी करावे असे अंधूकपणे ठरवलेली. धाकटा भाऊ तेव्हा सातवीत होता.

व्यवस्थेबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. कॅलिफोर्नियात ११६ सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजे आहेत. हायस्कूलचा विद्यार्थी पालकांची संमती आणि शाळेच्या मुख्याध्यापकांची किंवा त्यांच्या प्रतिनिधीची शिफारस घेऊन तिथे ‘स्पेशल ॲडमिट’ म्हणून नाव नोंदवू शकतो. एरवी या कॉलेजांची फी राज्यातील रहिवाशांना दर युनिटला (युनिट म्हणजे कोर्सचा आकार मोजण्याचे माप) ४६ डॉलर पडते. एका सत्रात ११ युनिटांपर्यंत घेणाऱ्या हायस्कूल विद्यार्थ्याला ती बहुतेक ठिकाणी माफ असते आणि फक्त किरकोळ आकार व पुस्तकांचा खर्च उरतो. २०१५ च्या एका कायद्याने शाळा आणि कॉलेज यांच्यात करार करून कॉलेजचे वर्ग थेट हायस्कूलमध्ये भरवण्याचीही सोय झाली. या मुलीच्या शाळेत तसा करार नव्हता. त्यामुळे कोर्स शोधणे, अर्ज करणे, दर सत्राला फॉर्मवर सही मिळवणे, ही सगळी कामे घरच्यांनाच करायची होती.

प्रश्न कसा उभा राहिला

बाबांनी एक एक्सेल शीट केले. कम्युनिटी कॉलेजचे साठ युनिट म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, म्हणजे यूसीची, राज्यातील विद्यार्थ्यांसाठीची वार्षिक फी तेव्हा १४ हजार डॉलरच्या आसपास होती आणि राहण्या-खाण्याचा खर्च त्याहून अधिक. दोन उन्हाळे आणि चार सत्रे यांत जमतील तितके युनिट फुकट पदरात पाडले तर मुलगी यूसीच्या थेट तिसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर पोहोचेल, असे ते गणित होते. त्यातली बेरीज बिनचूक होती. चुकले होते ते गृहीतक. हायस्कूल संपेपर्यंत कॉलेजचे कितीही युनिट जमवले तरी यूसीच्या दृष्टीने असा विद्यार्थी पहिल्या वर्षाचाच अर्जदार असतो. युनिट मिळतात, पण वर्ष आपोआप कमी होत नाही. ज्या विषयात पदवी घ्यायची त्याच्या आवश्यक कोर्समध्ये ते बसतात की नाही, यावर सारे अवलंबून असते. डिप्लोमावाल्यांसाठी असलेल्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासारखी ही वाट नाही.

त्या उन्हाळ्यात मात्र हे कुणाच्या लक्षात आले नाही, कारण पहिला प्रयोग उत्तम पार पडला. मुलीने सहा आठवड्यांचा, तीन युनिटांचा मानसशास्त्राचा ऑनलाइन कोर्स घेतला, तिला तो मनापासून आवडला आणि ‘ए’ श्रेणी मिळाली. शाळेला सुटी होती, दिवस मोकळे होते आणि हातात एकच विषय होता. या यशाला परिस्थितीचाही हातभार होता, हे पुढच्या सत्राचे नियोजन करताना विसरले गेले. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातली पहिली चूक इथे झाली.

पहिला निर्णय: उरलेल्या जागांतून निवड

अकरावीच्या पहिल्या सत्रासाठी बाबांनी तीन कोर्स सुचवले: पाच युनिटांचे रसायनशास्त्र, चार युनिटांचे संख्याशास्त्र आणि तीन युनिटांचे अर्थशास्त्र. बेरीज १२ झाली, म्हणजे मर्यादा ओलांडली गेली आणि एक कोर्स गाळावा लागणार होता. मग खरी अडचण समोर आली. स्पेशल ॲडमिट विद्यार्थ्यांना नावनोंदणीत कायद्यानेच खालचा क्रम असतो; कॉलेजचे स्वतःचे विद्यार्थी आधी जागा घेतात आणि हायस्कूलच्या मुलांची पाळी येते तेव्हा संध्याकाळचे आणि ऑनलाइन वर्ग बहुधा भरलेले असतात. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या तुकडीत जागा नव्हती, अर्थशास्त्राच्या प्रतीक्षायादीत तिचा क्रमांक बराच खाली होता, आणि संख्याशास्त्राच्या ऑनलाइन तुकडीत एक जागा अवचित मिळाली.

मोकळ्या राहिलेल्या युनिटांचे काय करायचे, यावर घरात एक संध्याकाळ चर्चा झाली. आईचे म्हणणे होते की एकच कोर्स पुरे. बाबांना फुकट मिळणारी संधी वाया घालवणे पटेना. मुलीला विचारले तेव्हा ती ‘चालेल’ म्हणाली. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचे ‘चालेल’ हे मत नसते, बहुतेकदा ती तहाची भाषा असते. शेवटी उद्योग-व्यवसायाची ओळख करून देणारा तीन युनिटांचा कोर्स घेतला गेला, आणि त्याचे एकमेव कारण असे की त्यात जागा होती. शाळेत त्याच सत्रात एपी (हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे कॉलेजपातळीचे विषय) रसायनशास्त्र, एपी अमेरिकन इतिहास आणि प्रीकॅल्क्युलस हे विषय होते. वर कॉलेजचे सात युनिट, वर ऑर्केस्ट्रा.

शाळेच्या काउन्सेलरने फॉर्मवर सही करण्यापूर्वी एक प्रश्न विचारला होता: ‘हा कोर्स कशासाठी?’ मुलीने संख्याशास्त्राचे उत्तर नीट दिले. दुसऱ्या कोर्सबद्दल ती म्हणाली की बाबांना विचारते. काउन्सेलरने सही केली. सही करण्यापूर्वी ते थांबले असते तर बरे झाले असते, असे मला वाटते. पण शेकडो मुलांची जबाबदारी असलेल्या माणसाकडून तशी अपेक्षा करणे कितपत रास्त आहे, हाही प्रश्न आहेच.

सहावा आठवडा

ऑक्टोबरच्या सुरुवातीला संख्याशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत मुलीला ५८ टक्के मिळाले. तिने आठवडाभर घरी सांगितले नाही. कळल्यावर आईने प्राध्यापकांना अतिशय नम्र ईमेल लिहिले. उत्तर दोन ओळींचे आले: विद्यार्थिनीच्या प्रगतीबद्दल आपल्याशी बोलता येणार नाही, तिनेच संपर्क साधावा. आईला ते लागले. ‘ताई, मुलगी सोळा वर्षांची आहे आणि मी तिची आई आहे,’ असे ती मला फोनवर म्हणाली. प्राध्यापकांचे मात्र बरोबर होते. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा जो संघराज्यीय कायदा आहे, त्यानुसार विद्यार्थी कॉलेजात शिकू लागला की, वय अठराच्या खाली असले तरी, तिथल्या नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातो. हायस्कूलकडे ज्या नोंदी असतात त्या पालक पाहू शकतात. कॉलेजच्या प्राध्यापकांशी मात्र परस्पर वाटाघाट करता येत नाही. आपल्याकडे पालकसभेला जाऊन ‘सर, जरा लक्ष ठेवा’ म्हणण्याची जी मुभा असते, ती इथे सोळाव्या वर्षीच संपते. ही गोष्ट प्रवेशाआधी कळणे आणि संकटात कळणे यांत फार फरक आहे.

आता पुढे काय, हे ठरवण्यासाठी ते तिघे एका रविवारी मराठी शाळा सुटल्यावर माझ्याकडे आले. आम्ही दोन्ही कोर्सची नियमावली आणि कॉलेजचे वेळापत्रक समोर ठेवले.

कोणते पर्याय होते

कुठलीही नोंद मागे न ठेवता कोर्स सोडण्याची मुदत सप्टेंबरमध्येच संपली होती. आता सोडला तर गुणपत्रकावर ‘डब्ल्यू’ ही खूण कायमची राहणार होती. तिचा जीपीएवर, म्हणजे श्रेणींच्या सरासरीवर, परिणाम होत नाही, पण पुढे यूसीच्या अर्जात ती दाखवावी लागते. त्यासाठीची मुदत नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होती.

दोन्ही कोर्स तसेच चालू ठेवणे हा बाबांचा पहिला कौल होता. अर्धवट सोडायचे नाही, हे त्यांचे तत्त्व, आणि तत्त्व म्हणून ते वाईट नाही. पण या कॉलेजांचा एक नियम त्यांना ठाऊक नव्हता: ‘डी’ किंवा ‘एफ’ मिळाले तर कोर्स पुन्हा करून श्रेणी सुधारता येते, ‘सी’ मिळाले तर तीच श्रेणी वाढवण्यासाठी तो पुन्हा घेता येत नाही. म्हणजे कसाबसा उत्तीर्ण होणे हाच इथे सगळ्यात चिकट परिणाम ठरतो. बाबांनी ते वाक्य दोनदा वाचले आणि मग काही वेळ ते बोलले नाहीत.

अक्षरी श्रेणीऐवजी ‘पास किंवा नो पास’ निवडण्याचा मार्गही होता आणि आईला तो आकर्षक वाटला. पण यूसीच्या प्रवेशासाठी हायस्कूलमध्ये जे ए ते जी असे विषयगट पूर्ण करावे लागतात, त्यांत अक्षरी श्रेणीच धरली जाते. शिवाय यूसीला चालणाऱ्या कॉलेज कोर्सच्या श्रेणीला तिथल्या जीपीएत जो जादा गुण मिळतो, तोही हातचा गेला असता. संख्याशास्त्र हा मुलीच्या आवडीच्या क्षेत्राचा कणा होता. तिथे हा मार्ग घेणे म्हणजे ज्या कारणासाठी कोर्स घेतला तेच पुसून टाकणे होते.

दोन्ही सोडून द्यावेत, असेही आईने एकदा सुचवले. मुलगी तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट बोलली. संख्याशास्त्र तिला सोडायचे नव्हते. व्यवसायाच्या कोर्सला दर आठवड्याला पाच-सहा तास जात होते, त्यात ती मागे नव्हती, पण त्या तासांचे काय करायचे हे तिला माहीत होते.

केलेली कृती

व्यवसायाचा कोर्स ‘डब्ल्यू’ घेऊन सोडला. त्यात तिला तोपर्यंत ‘बी’ मिळत होता, म्हणून बाबांना हा निर्णय अवघड गेला. चालता बैल विकून अडलेला ठेवल्यासारखे ते वाटले असावे. पण कोणता कोर्स सोपा जातो आहे, याला त्या दिवशी महत्त्व नव्हते.

मुलीने प्राध्यापकांना स्वतः ईमेल लिहिले. मसुदा आईने तपासायला मागितला, तिने दिला नाही. प्राध्यापकांच्या ऑनलाइन भेटीच्या वेळेत ती दर आठवड्याला जाऊ लागली आणि कॉलेजच्या मोफत शिकवणी केंद्राचाही तिने उपयोग केला. तपासताना असे दिसले की गणित तिला येत होते. परीक्षेत ती निष्कर्ष शब्दांत मांडताना चुकत होती, कारण शाळेतल्या गणितात उत्तराखाली रेघ मारली की काम संपत असे. इथे मिळालेल्या आकड्यावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, हे दोन-तीन वाक्यांत लिहावे लागे. सत्राअखेर तिला ‘बी’ श्रेणी मिळाली.

पुढच्या सत्रात, म्हणजे २०२४ च्या वसंतात, तिने कॉलेजचा एकही कोर्स घेतला नाही. मे महिन्यातील एपी परीक्षा समोर होत्या. यावर फारशी चर्चा झाली नाही.

त्याऐवजी तिने आणि बाबांनी दोन शनिवार ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर घालवले. कॅलिफोर्नियातील कोणत्या कम्युनिटी कॉलेजचा कोणता कोर्स कोणत्या सार्वजनिक विद्यापीठातील कोणत्या कोर्सच्या बरोबरीचा मानला जातो, याची ती अधिकृत नोंदवही आहे. एक्सेल शीटमधला ‘युनिट’ हा रकाना मागे पडला आणि ‘कुठे धरला जाईल’ असा नवा रकाना पुढे आला. मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र हे तिच्या संभाव्य विषयांच्या पूर्वतयारीत थेट बसत होते. सोडलेला व्यवसायाचा कोर्स पूर्ण केला असता तर यूसीने त्याचे युनिट मोजले असते, पण तिच्या विषयासाठी त्याची जागा कुठेच नव्हती.

दुसरा निर्णय: इंग्रजी आणि कॅल्क्युलस

२०२४ च्या उन्हाळ्यात तिने इंग्रजी लेखनाचा तीन युनिटांचा कोर्स घेतला आणि शाळेने तो बारावीच्या इंग्रजीच्या एका सत्राऐवजी धरला. एका दगडात दोन पक्षी, असे सगळ्यांनाच वाटले. मात्र अनेक खासगी विद्यापीठांचा नियम असा असतो की जो कोर्स हायस्कूलच्या डिप्लोमासाठी मोजला गेला त्याचे क्रेडिट आम्ही पुन्हा देत नाही. तिच्या यादीतील एका खासगी विद्यापीठाच्या बाबतीत हे नंतर लक्षात आले. यूसीला अशी अडचण नव्हती.

बारावीच्या पहिल्या सत्रात कॅल्क्युलस शाळेत एपी म्हणून घ्यायचे की कॉलेजात, हा प्रश्न अधिक बारकाईने तपासला गेला. एपीचे क्रेडिट मे महिन्यातल्या एका परीक्षेवर ठरते आणि ते देशभर अधिक ठिकाणी ओळखले जाते. कॉलेजचे क्रेडिट सत्रभराच्या कामावर ठरते, एका सत्रात संपते, पण वेग दुप्पट असतो आणि राज्याबाहेर त्याची खात्री कमी. तिचा मुख्य भर यूसीवर होता आणि शाळेतील एपीचा तास ऑर्केस्ट्राच्या तासावर येत होता. तिने कॉलेज निवडले, आणि या वेळी ऑनलाइन तुकडी न घेता आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रत्यक्ष वर्गात बसली. शेजारी रुग्णालयात रात्रपाळी करणारा एक तरुण होता, लष्करातून परतलेला एक जण होता, दोन मुलांची आई होती. त्या आईने तिला पहिल्याच आठवड्यात विचारले की तू ‘डब्ल्यू’ची तारीख लिहून ठेवलीस का. तिने ती आधीच लिहून ठेवली होती.

परिणाम

कॅल्क्युलसमध्ये ‘ए’, इंग्रजीत ‘ए’. नोव्हेंबर २०२४ मध्ये यूसीचा अर्ज भरताना सगळे कॉलेज कोर्स, ‘डब्ल्यू’सह, नोंदवले. त्या खुणेबद्दल अधिक माहितीच्या रकान्यात तिने दोन वाक्ये लिहिली, समर्थन न करता. तिला क्वार्टर पद्धतीच्या, म्हणजे शैक्षणिक वर्षात दोनऐवजी तीन सत्रे असलेल्या, एका यूसी कॅम्पसमध्ये प्रवेश मिळाला आणि २०२५ च्या शरदात ती तिथे दाखल झाली.

एकूण जमा झाले १५ सेमिस्टर युनिट. एक सेमिस्टर युनिट म्हणजे दीड क्वार्टर युनिट, म्हणून तिथे त्यांचे साडेबावीस झाले. पदवीला १८० लागतात. कागदावर हा दीड क्वार्टरचा पल्ला आहे, पण तिच्या विषयातील वरचे कोर्स ठरावीक क्रमानेच घ्यावे लागत असल्याने प्रत्यक्षात ती फार तर एक क्वार्टर लवकर पदवीधर होईल. बाबांच्या मूळ शीटमध्ये दोन वर्षे वाचणार होती. फायदा दुसरीकडे दिसतो: पहिल्याच क्वार्टरमध्ये तिला संख्याशास्त्राच्या प्राथमिक कोर्सची रांग लावावी लागली नाही आणि ती आरोग्यविषयक संशोधनाच्या एका वरच्या कोर्सकडे लवकर जाऊ शकते आहे.

‘डब्ल्यू’मुळे कुठला प्रवेश हुकला का, हे सांगण्याचा मार्ग नाही. तिला ज्या तीन ठिकाणी नकार आला तिथे कारण कुणी देत नाही.

वेगळे काय करता आले असते

अकरावीचे पहिले सत्र हे प्रवेशप्रक्रियेत सर्वात बारकाईने वाचले जाणारे वर्ष सुरू होण्याची वेळ. त्या सत्रात कॉलेजचा एकच कोर्स घ्यायला हवा होता. आईचे हे म्हणणे योग्य होते, पण तिने दिलेले कारण, म्हणजे अकरावीत जरा दमाने घ्यावे, चुकीचे होते आणि म्हणूनच ते टिकले नाही. बाबांना असिस्टवरची यादी पहिल्याच दिवशी दाखवली असती तर वाद तिथेच मिटला असता. आकड्यांवर विश्वास ठेवणारा माणूस दुसऱ्या आकड्यांनी पटतो.

रसायनशास्त्रात जागा मिळाली नाही, हे मी सुदैव मानते. प्रयोगशाळेसह पाच युनिट आणि शाळेतील एपी रसायनशास्त्र एकाच सत्रात, ही कल्पना कागदावर कशी टिकली याचे आजही नवल वाटते.

प्राध्यापकांना पहिले ईमेल कुणी लिहायचे, मुदतीच्या तारखा कुणी सांभाळायच्या, हे नाव नोंदवतानाच घरात ठरले असते तर तो एक आठवडा गप्प राहण्यात गेला नसता. आणि इंग्रजीचा कोर्स शाळेच्या गुणपत्रकात धरावा की नाही, हे यादीतील विद्यापीठांचे नियम वाचून मगच ठरवायला हवे होते. एकदा धरल्यावर तो निर्णय मागे घेता आला नाही.

आता नव्याने निवड करणाऱ्यांसाठी काही गोष्टी सोप्या झाल्या आहेत. २०२५ च्या शरदापासून काही मूलभूत कोर्सना राज्यभर समान क्रमांक मिळू लागले असून इंग्रजी लेखन, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्र हे तिचे तिन्ही कोर्स त्या पहिल्या यादीत आहेत. तिच्या वेळी कॉलेजागणिक क्रमांक वेगळे होते आणि एका शनिवारचा अर्धा वेळ केवळ तेवढे जुळवण्यात गेला.

धाकटा भाऊ आता दहावीत आहे. त्याला उन्हाळ्यात मोटार दुरुस्तीचा कोर्स घ्यायचा आहे. बाबांनी त्याला हव्या असलेल्या त्या कोर्ससाठी असिस्ट उघडून पाहिले आणि शीटमधल्या ‘कुठे धरला जाईल’ या रकान्यात काहीच आले नाही. ‘कशासाठी?’ या प्रश्नाला मुलाचे उत्तर तयार होते: घरातली जुनी कोरोला. फॉर्म अजून सहीविना फ्रीजच्या दारावर लावलेला आहे.